नाकातल्या पेशी स्लाइडवर घेतल्या की अ‍ॅलर्जीबद्दल काय कळतं

सकाळी उठल्या उठल्या शिंकांवर शिंका, मग नाकातून पाण्यासारखी धार, दुपारी एक नाकपुडी बंद आणि रात्री आडवं झालं की दुसरी, आणि हे सगळं महिनोन्‌महिने. अशा माणसाला घरचे-दारचे सगळे एकच सांगतात, अ‍ॅलर्जी आहे तुला, गोळी घे. बऱ्याचदा ते खरंही निघतं. पण अडचण अशी आहे की नाकाला तक्रार करायच्या तऱ्हाच चार, शिंकणं, गळणं, चोंदणं आणि खाजणं, आणि कारणं मात्र ढीगभर. धुळीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची, अ‍ॅलर्जी असली तरी नाक गळतं, व्हायरसची साधी सर्दी झाली तरी गळतं, थंड हवा किंवा उग्र वास आला की नाकातल्या नसा चाळवून गळतं, आणि कसलीही अ‍ॅलर्जी नसताना अगदी अ‍ॅलर्जीसारखीच सूज नाकात ठाण मांडून बसलेली असली तरी गळतंच. बाहेरून बघितलं तर चारही पेशंट सारखेच दिसतात.

आता फरक ओळखायचा कसा, तर डॉक्टर आधी सगळं नीट विचारतात, कधी होतं, कुठे होतं, घरात आणखी कुणाला आहे का, मग नाकात बघतात आणि गरज वाटली तर त्वचेवरची किंवा रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट सांगतात. हा रस्ता बरोबरच आहे आणि बहुतेकांचं निदान इथेच होऊन जातं. पण काही लोक असे उरतात की टेस्ट एक सांगते आणि नाक दुसरंच करतं. त्यांच्यासाठी एक साधी, स्वस्तातली आणि बऱ्याच पेशंटना ठाऊकच नसलेली तपासणी आहे, नेझल सायटॉलॉजी, म्हणजे नाकाच्या आतल्या अस्तरावरून थोड्या पेशी खरवडून घ्यायच्या, काचेच्या स्लाइडवर पसरायच्या, रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली कोण कोण जमलंय ते बघायचं. स्लाइड वाचणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे मला या तपासणीबद्दल जिव्हाळा आहे हे आधीच सांगतो, पण तिच्याकडून जे होत नाही तेही याच लेखात सांगणार आहे, कारण अर्धवट समजून करून घेतलेली टेस्ट पेशंटला गोंधळातच टाकते.

आधी अ‍ॅलर्जीत नाकात नक्की काय घडतं ते बघू, नाहीतर स्लाइडवरच्या पेशींना काही अर्थच राहणार नाही. समजा एखाद्याला परागकणांची अ‍ॅलर्जी आहे. त्याच्या शरीराने कधीतरी आधीच त्या परागकणांविरुद्ध आयजीई नावाच्या अँटीबॉडी बनवून ठेवलेल्या असतात आणि त्या नाकातल्या मास्ट सेल नावाच्या पेशींवर जाऊन चिकटून बसलेल्या असतात. परागकण नाकात आला, त्या आयजीईला जाऊन भिडला, की मास्ट सेल फुटल्यासारखी होऊन आतला हिस्टामिन आणि आणखी बरीच रसायनं बाहेर टाकते. मग काही मिनिटांतच शिंका, खाज आणि पाणी. बहुतेकांना अ‍ॅलर्जी म्हणजे एवढंच वाटतं. पण खरं नाट्य नंतर घडतं, साधारण चार ते आठ तासांनी, जेव्हा त्या रसायनांच्या हाकेला ओ देऊन रक्तातून दुसऱ्या पेशी नाकाच्या अस्तरात येतात, त्यात मुख्य इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. या दुसऱ्या फेरीत शिंका कमी आणि नाक चोंदणं जास्त असतं. संध्याकाळी धुळीत काम केलं आणि रात्री झोपताना नाक गच्च झालं तर त्यामागे हीच दुसरी फेरी असू शकते. रोज रोज संपर्क होत राहिला तर या पेशी तिथेच मुक्काम करतात, आणि मुक्कामाला आहेत म्हणूनच त्या खरवडून घेतलेल्या नमुन्यात सापडतात.

त्वचेची टेस्ट काय बघते, तर कातडीतल्या मास्ट सेलवर त्या त्या गोष्टीविरुद्ध आयजीई आहे का. हातावर अ‍ॅलर्जीकारक द्रावाचे थेंब टाकतात, प्रत्येकात सुईने हलकंसं टोचतात आणि पंधरा ते वीस मिनिटांनी गांधी उठली का बघतात. साध्या द्रावाच्या जागेपेक्षा गांधी तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असली तर पॉझिटिव्ह. रक्ताच्या टेस्टमध्ये तीच आयजीई रक्तात मोजतात. दोन्ही टेस्ट चांगल्या आहेत, पण दोन्हींचं उत्तर एकाच प्रश्नाला आहे, तुमचं शरीर अमुक गोष्टीला ओळखून तयार बसलंय का. तयार बसलेलं असणं आणि त्यामुळेच आत्ता नाक गळत असणं यात फरक आहे. माइट्सची टेस्ट पॉझिटिव्ह असूनही आयुष्यभर एकदाही त्रास न झालेली माणसं भरपूर असतात. आणि उलटही होतं, काही लोकांच्या नाकातच, फक्त नाकातच, आयजीई तयार होते, कातडीवर गांधी उठत नाही, रक्तातही सापडत नाही, आणि नाकात थेट तो पदार्थ टाकून बघितला की धो धो सुरू. याला लोकल अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात, ऱ्हायनायटिस म्हणजे नाकाच्या अस्तराची सूज. अशा माणसाला दोन निगेटिव्ह रिपोर्ट हातात देऊन तुला अ‍ॅलर्जी नाहीच असं सांगून घरी पाठवलं तर त्याच्यावर अन्यायच होतो.

म्हणजे आग एका खोलीत आणि चौकशी शेजारच्या दोन खोल्यांत अशी गत होऊ शकते. सायटॉलॉजी थेट त्या खोलीत डोकावते.

नमुना घ्यायची पद्धत ऐकायला भीतीदायक वाटते, प्रत्यक्षात तसं फार काही नसतं. पेशंटला हलकंसं नाक शिंकरायला सांगतात, खुर्चीत बसवतात, नाकपुडी उघडी ठेवायला छोटा चिमटा लावतात, डोक्यावरच्या दिव्याचा उजेड आत टाकतात. नाकाच्या बाहेरच्या भिंतीकडून आत आलेल्या वळ्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात, त्यातली सगळ्यात खालची आणि मोठी वळी समोरच दिसते. पुष्कळ लोकांना सांगितलेलं असतं ना की नाकात मांस वाढलंय, ते बऱ्याचदा हीच सुजलेली वळी असते. तिच्या मधल्या भागावरून, अगदी पुढून नाही आणि फार मागूनही नाही, टोकाला इवलीशी वाटी असलेल्या प्लास्टिकच्या काडीने दोन-तीनदा हलकं ओढून घेतात. बधिर करायची गरज पडत नाही. डोळ्यांत पाणी येतं, शिंक येते, क्वचित रक्ताचा एखादा थेंब दिसतो, आणि काही सेकंदांत संपतं. लहान मुलांमध्ये काडीऐवजी बारीक ओला स्वॅबही वापरतात. काही ठिकाणी मऊ ब्रश वापरतात, काही ठिकाणी सलाइनने नाक धुवून ते पाणी तपासतात, आणि जुनी पद्धत म्हणजे सरळ प्लास्टिकच्या कागदावर नाक शिंकरायचं आणि शेंबूड स्लाइडवर घ्यायचा. ही शेवटची सगळ्यात सोपी खरी, पण तिच्यात अस्तराच्या पेशी फारशा येत नाहीत, बाहेर पडलेल्याच तेवढ्या येतात, त्यामुळे खरवडून घेतलेला नमुना मला जास्त भरवशाचा वाटतो.

पुढचं काम लॅबचं. काडीवरचं मटेरियल स्लाइडवर पातळ पसरून हवेत सुकू द्यायचं. जाड पसरलं तर पेशी एकावर एक चढतात आणि मग कुणाला काही ओळखता येत नाही, चांगला नमुना पसरवण्यात वाया गेला की फार वाईट वाटतं, कारण पेशंटला परत बोलवावं लागतं. सुकल्यावर मे-ग्रुनवाल्ड-गिम्सा हा रंग देतात, या सगळ्याला अर्धा तास वगैरे लागतो, घाई असेल तर झटपट रंगांचे किटही मिळतात. फक्त इओसिनोफिल शोधायचे असतील तर हॅन्सेल नावाचा जुना रंग आहे, त्यात ते पटकन उठून दिसतात पण बाकीच्यांचं चित्र तितकं छान येत नाही. मग तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून निदान पन्नास जागा नीट बघायच्या आणि मोजत जायचं. कंटाळवाणं आहे हे खरं, पण पाच जागा बघून रिपोर्ट लिहिणं म्हणजे पेशंटला फसवणंच.

निरोगी नाकाची स्लाइड कशी दिसते हे माहीत असायला हवं. तिच्यात मुख्य गर्दी केसाळ पेशींची. उभट पेशी, वरच्या टोकाला बारीक झालर, ही झालर म्हणजे सिलिया, एका पेशीवर सुमारे दोनशे. जिवंतपणी हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका लयीत हलतात आणि वरचा चिकट थर धूळ-जंतूंसकट घशाकडे ढकलत राहतात, आपण ते नकळत गिळतो. चांगल्या पेशीत केंद्रकाच्या वर, झालरीच्या बाजूला, एक गडद आडवी रेघ दिसते. ही रेघ दिसली की पेशी धडधाकट आहे समजायचं. नाक खूप दिवस सुजलेलं असलं की ही रेघ आधी जाते, नंतर झालर विरळ होते. या पेशींच्या जोडीला कमी संख्येने गॉब्लेट पेशी असतात, चिकट स्राव बनवणाऱ्या, पोट फुगलेल्या, साधारण चार केसाळ पेशींमागे एक. जुनाट सुजेत हे गणित उलटं व्हायला लागतं, केसाळ पेशी झडतात, त्यांची जागा गॉब्लेट पेशी घेतात, म्हणजे चिकट माल वाढला आणि तो ढकलणारे कमी झाले. घशात सारखं काहीतरी उतरतंय, साफ होतच नाही, ही तक्रार त्या स्लाइडवर डोळ्याने बघता येते. निरोगी नमुन्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, थोड्याफार सापडल्या तर त्याचं काही वाटून घ्यायचं नाही. पण इओसिनोफिल आणि मास्ट सेल तिथे सहसा नसतातच.

आणि नसतात म्हणूनच ते दिसले की महत्त्व येतं. इओसिनोफिल ओळखायला सोपा, दोन पाकळ्यांचं केंद्रक आणि आजूबाजूला ठासून भरलेले नारिंगी-लाल दाणे. पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये या पेशींचं वर्णन केलं ते याच रंगावरून, इओसिन नावाचा आम्लधर्मी रंग त्या दाण्यांना घट्ट पकडतो म्हणून. आता यातली मला फार आवडणारी गोष्ट सांगतो. तो रंग दाण्यांना धरतो कारण दाण्यांमध्ये अल्कधर्मी प्रथिनं खच्चून भरलेली असतात, आणि नेमकी हीच प्रथिनं बाहेर सांडली की नाकाच्या अस्तराच्या पेशी मारतात. म्हणजे स्लाइडवर जे लाल चमकतं तेच नाक सोलून काढणारं हत्यार आहे. त्यामुळे नुसते इओसिनोफिल किती एवढंच मोजून भागत नाही, दाणे पेशीच्या आतच आहेत की आजूबाजूला सांडलेत हेही बघायचं, सांडलेले दिसले तर सूज आत्ता जोरात चालू आहे. मास्ट सेल वेगळी दिसते, गोलसर, आणि निळ्या-जांभळ्या दाण्यांनी इतकी भरलेली की कधीकधी केंद्रकही झाकलं जातं. न्यूट्रोफिल म्हणजे तीन-चार तुकड्यांचं केंद्रक, फिकट अंग.

मग निदान कसं करायचं? माइट्सची किंवा परागकणांची अ‍ॅलर्जी ऐन जोरात असली की स्लाइडवर इओसिनोफिल, मास्ट सेल, सोबत न्यूट्रोफिल आणि थोडे लिम्फोसाइट (याही पांढऱ्या पेशीच) असा मिश्र जमाव दिसतो. पुष्कळ ठिकाणी मोजलेल्या पेशींमध्ये इओसिनोफिल दहा टक्क्यांच्या वर गेले तर अ‍ॅलर्जीच्या बाजूने कौल धरतात, काही लॅब आकडा न देता शून्य ते चार प्लस असं लिहितात. पण इथे थांबून एक गोष्ट पक्की करून घ्यायची, इओसिनोफिल दिसले म्हणजे अ‍ॅलर्जी सिद्ध झाली असं होत नाही. त्वचेच्या आणि रक्ताच्या टेस्ट निगेटिव्ह, आणि नाकात मात्र इओसिनोफिलचा पूर, असा एक वेगळा आजारच आहे, नॉन-अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस विथ इओसिनोफिलिया सिंड्रोम, थोडक्यात नारेस. १९८१ मध्ये याचं वर्णन झालं. यात इओसिनोफिल वीस टक्क्यांच्या वर असतात, त्रास वर्षभर, शिंका आणि पाणी भरपूर, आणि वास कमी होणं ही तक्रार बऱ्याच जणांची. पुढे नाकात पॉलिप, म्हणजे अस्तराचे मऊ फुगे, होणं, दम्याचा त्रास, अ‍ॅस्पिरिन न सोसणं यांच्याशी त्याचं नातं आहे, म्हणून तो वेळेत ओळखलेला बरा. आता बघा, या माणसाची फक्त रक्ताची टेस्ट केली असती तर अ‍ॅलर्जी नाही एवढंच कळलं असतं, आणि फक्त स्लाइड बघितली असती तर कुणीतरी अ‍ॅलर्जी आहे म्हणून मोकळं झालं असतं. दोन्ही समोर ठेवल्यावरच खरं कळतं.

असेच आणखी प्रकार आहेत, मास्ट सेल जास्त असलेला, दोन्ही जास्त असलेला, फक्त न्यूट्रोफिल जास्त असलेला. शेवटचा धूर, रसायनं किंवा पोटातलं आम्ल वर येणं अशा चिडीमुळेही दिसतो. व्हायरसच्या सर्दीत लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल वाढतात आणि केसाळ पेशींची अक्षरशः मोडतोड झालेली दिसते, झालरीचा तुकडा एकीकडे आणि बाकीची पेशी दुसरीकडे. बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये न्यूट्रोफिलची दाटी आणि त्यांच्या पोटातच बॅक्टेरिया. नसांच्या चाळवण्याने होणाऱ्या प्रकारात, म्हणजे थंड हवेत गेलं की किंवा सेंटचा वास आला की सुरू होतं त्यात, स्लाइड जवळजवळ स्वच्छ येते. ही स्वच्छ स्लाइड फार कामाची असते, कारण सूजच नाही तर सूज कमी करणारं औषध वर्षानुवर्षं मारत राहण्यात काय अर्थ आहे, हा प्रश्न तिथे डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही पडायला हवा.

सगळ्यात जास्त फसवणारी परिस्थिती मला वाटतं ती मिश्र प्रकाराची. एखाद्याची परागकणांची टेस्ट पॉझिटिव्ह, त्या मोसमात त्रास वाढतो हेही खरं, म्हणून अ‍ॅलर्जीचं निदान झालं, औषधं चालू, कदाचित वर्षानुवर्षं चालणारी इम्युनोथेरपीही, म्हणजे अ‍ॅलर्जीकारक पदार्थच थोडा थोडा देऊन शरीराला त्याची सवय लावणारा उपचार, सुरू झाली. पण मोसम सरला तरी नाक काही थांबत नाही. मोसम नसताना स्लाइड घेतली तर खरं म्हणजे परागकणवाल्याचं नाक बऱ्यापैकी शांत असायला पाहिजे, आणि त्याच वेळी तिथे इओसिनोफिलचा ढीग दिसला तर याला अ‍ॅलर्जी आहे आणि तिच्याखाली दुसरंही काहीतरी आहे असा संशय घ्यायला जागा आहे. असा माणूस इम्युनोथेरपीने आपल्याला काहीच फरक पडला नाही म्हणून वैतागतो, आणि चूक थेरपीचीही नसते आणि त्याचीही नसते, अर्धा आजार कुणी मोजलेलाच नसतो. माइट्सवाल्यांचं मात्र वेगळं, माइट्स वर्षभर घरातच असतात, त्यामुळे लक्षणं नसतानाही त्यांच्या नाकात हलकी सूज, जास्त करून न्यूट्रोफिल आणि थोडे इओसिनोफिल, चालूच राहते. म्हणून बरं वाटतंय म्हणजे आतलं सगळं मिटलं असं नाही, आणि त्यांना डॉक्टर स्प्रे लगेच बंद करू नका म्हणतात ते उगीच नाही.

ही तपासणी नवीन आहे असं कुणाला वाटत असेल तर नाही. गोलाश नावाच्या डॉक्टरने १८८९ मध्येच दम्याच्या पेशंटच्या नाकातल्या स्रावात इओसिनोफिल बघितले होते, आणि १९२७ मध्ये आयरमन यांनी अ‍ॅलर्जीच्या निदानात त्यांना महत्त्व आहे हे मांडलं. म्हणजे आयजीईचा शोध लागायच्या कितीतरी आधी, कारण आयजीई सापडली ती १९६६-६७ च्या सुमारास, इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधले योहान्सन आणि बेनिच यांनी वेगवेगळं काम करून. आयजीई मोजता यायला लागली आणि स्लाइड मागे पडली, ते साहजिकच होतं, आकडा देणारी टेस्ट सगळ्यांना आवडते आणि स्लाइड वाचायला शिकलेला माणूस लागतो. पण आयजीईने सगळे प्रश्न सुटत नाहीत हे दिसल्यावर पुन्हा लोक नाकाच्या अस्तराकडे वळले. मला यात आनंद आहे.

आता तिच्या मर्यादा. पहिली आणि मोठी, ही टेस्ट तुम्हाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे कधीच सांगू शकत नाही. माइट्स की मांजर की परागकण की बुरशी, स्लाइडला काही कळत नाही, त्यासाठी त्वचेची किंवा रक्ताचीच टेस्ट लागणार. दुसरी, इओसिनोफिल दिसले नाहीत म्हणून अ‍ॅलर्जी नाही असं म्हणता येत नाही. मोसम नसताना घेतली, त्या दिवसांत त्या गोष्टीशी संपर्कच नव्हता, किंवा स्टिरॉइडचा स्प्रे चालू होता, तर खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्याची स्लाइडही साफ येऊ शकते. तिसरी, मध्येच साधी सर्दी झालेली असेल तर न्यूट्रोफिलच इतके येतात की बाकी सगळे झाकले जातात. चौथी माणसांची, कुणी कुठून खरवडलं, कसं पसरवलं, किती जागा मोजल्या आणि कुठल्या आकड्याला जास्त म्हटलं हे सगळीकडे एकसारखं नाही, त्यामुळे दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून आकडे ताडून बघण्यात हशील नाही. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, काही महिन्यांच्या अंतराने केलेले दोन रिपोर्ट मात्र बोलतात.

म्हणून ही टेस्ट सरसकट सगळ्यांनी करावी असं मी म्हणणार नाही. ज्याची कहाणी स्पष्ट आहे, मांजर मांडीवर आली की शिंका, मांजर गेली की बंद, त्याला स्लाइडची काय गरज? अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की निदान आधी पेशंटचं ऐकून आणि तपासून करा, आयजीईची टेस्ट कुणाची करायची, तर नेहमीच्या उपचाराने ज्याला बरं वाटत नाही, ज्याचं निदान पक्कं होत नाही किंवा नेमकी कशाची अ‍ॅलर्जी ते शोधायचं आहे त्याची. सायटॉलॉजी त्याच्याही पुढची पायरी समजा. टेस्ट निगेटिव्ह आणि त्रास चालूच, टेस्ट पॉझिटिव्ह पण औषधाने फरक नाही, वास कमी झालाय, पॉलिप पुन्हा पुन्हा येतात, किंवा मोसम आणि त्रास यांचा मेळच बसत नाही, अशांनी आपल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला याबद्दल जरूर विचारावं.

उपचारात फरक पडतो तो असा. इओसिनोफिल भरपूर असतील तर नाकातला स्टिरॉइड स्प्रे सहसा चांगलं काम करतो, अ‍ॅलर्जी असो किंवा नारेस असो, आणि असा ठोस पुरावा हातात असला की पेशंटही स्प्रे नियमित मारतो, स्टिरॉइड शब्दाला घाबरून चार दिवसांत सोडत नाही. न्यूट्रोफिल आणि बॅक्टेरिया दिसले तर प्रश्न इन्फेक्शनचा, आणि बॅक्टेरिया अजिबात नाहीत, नुसते इओसिनोफिल आहेत, तर प्रत्येक वेळी अँटीबायोटिकचा कोर्स करण्याला काही आधार उरत नाही, आणि जुन्या सर्दीच्या नावाखाली किती अँटीबायोटिक पोटात जातात ते बघितलं की जीव तुटतो. स्लाइड स्वच्छ आली तर नाक मोकळं करणारे थेंब रोज टाकायची सवय लागलीय का हेही विचारायला हवं, कारण ते थेंब सलग काही दिवसांच्या वर वापरले की उलट नाक जास्तच चोंदवतात आणि माणूस त्या बाटलीच्या आहारी जातो.

अलीकडे याच नमुन्यावर आणखीही काही चाललंय. ब्रशने घेतलेल्या पेशींमधली आरएनए वाचून कुठले जीन चालू आहेत कुठले बंद ते बघायचं, अ‍ॅलर्जीच्या सुजेत काही जीन ठरावीक पद्धतीने चालू होतात, आणि त्या नमुन्यावरून आजाराचा प्रकार ओळखता येतो का यावर काम सुरू आहे. दम्यासाठी नाकाच्या ब्रशवरून जीन बघून निदान करायचा प्रयत्न २०१८ मध्ये प्रसिद्धही झालाय, नाकाच्या पेशी फुप्फुसातल्या नळ्यांच्या पेशींसारखं बरंचसं वागतात म्हणून. दुसरीकडे स्लाइडचे फोटो कॉम्प्युटरला दाखवून त्याच्याकडून पेशी ओळखून मोजून घ्यायचे प्रयत्न आहेत. मला हे दुसरं जास्त जवळचं वाटतं, कारण मोजणीचा कंटाळा आणि माणसागणिक बदलणारा आकडा या दोन्ही तक्रारी त्याने कमी होतील, आणि जिथे स्लाइड वाचणारा कुणी नाही तिथेही टेस्ट पोचेल. जीनवाल्या टेस्ट मात्र अजून रोजच्या दवाखान्यातल्या नाहीत, कुणी त्या नावाखाली महागडं पॅकेज विकत असेल तर आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

टेस्टला जाणार असाल तर काही गोष्टी सांभाळा. कुठलं औषध चालू आहे ते सगळं सांगा, स्प्रे तर आवर्जून सांगा, कारण बरेच लोक स्प्रेला औषध धरतच नाहीत. स्टिरॉइड स्प्रे थांबवायचा का आणि किती दिवस आधी हे डॉक्टरच ठरवतील, मनाने बंद करू नका, विशेषतः दमा असेल तर. त्वचेची टेस्टही त्याच सुमारास असेल तर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, रक्ताच्या टेस्टला त्याची गरज नसते. ताप, घसादुखी, नवी सर्दी असेल तर टेस्ट सरळ पुढे ढकला, दोन-तीन आठवडे थांबलं तर बिघडत काही नाही. सिगारेट ओढत असाल तर लपवू नका, धुराने पेशींचं चित्र बदलतं. आणि शक्य असेल तर त्रास चालू असलेल्या दिवसांत जा, बरं वाटत असताना नको. रिपोर्टमध्ये नुसतं इओसिनोफिल प्लस असं लिहून आलं तर विचारा की बाकीच्या पेशी किती होत्या, मास्ट सेल बघितल्या का, बॅक्टेरिया होते का, केसाळ पेशींची अवस्था कशी होती. ही माहिती त्याच स्लाइडवर असते, वाचणाऱ्याने लिहायची तेवढी राहिलेली असते, आणि स्लाइड जपून ठेवलेली असेल तर नंतरही वाचून घेता येते.